भिजलेला गहूं व मोडाची नागली

गहूं पिकून उभा असतां अवकाळी पाऊस झाला म्हणजे काय होतें, हें नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि २०२३ सालच्या मार्च महिन्यांतील पाऊस हे दोन प्रसंग सर्वांच्या स्मरणांत आहेत. अशा वेळीं तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक शेतावर येतात, पंचनामा होतो, बाधित क्षेत्र व नुकसानीची टक्केवारी लिहिली जाते. २०१५ पूर्वीं निम्मे पीक गेल्याखेरीज सरकारी मदतीस पात्र होतां येत नसे. त्या सालीं ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली असल्यामुळें असे कागद पुष्कळ हाताखालून गेले. त्यांत आडवा पडलेला गहूं लिहिला जातो, झडलेला लिहिला जातो, कुजलेला लिहिला जातो. परंतु जो गहूं पावसांतही उभा राहिला, भिजून पुन्हां वाळला, आणि दिसण्यांत धडधाकट आहे, त्याच्या पोटांत काय झालें याचा रकाना त्या कागदांत नाहीं.

तो गहूं खळ्यावर येतो, पोत्यांत भरला जातो, गिरणींत जातो. मग कणीक हाताला चिकटूं लागते. कुरडईसाठीं काढलेला चीक शिजतांना पातळ राहतो व कुरडईची तार तुटते. पाववाल्याचा पाव आंतून ओला व गिचका निघतो. घरची मंडळी गिरणीवाल्यास बोल लावतात, गिरणीवाला धान्यास बोल लावतो, आणि पुढल्या खेपेस व्यापारी भाव पाडून मागतो. गिरणीवाल्याचें म्हणणें येथें खरें असतें, परंतु कारण त्यालाही ठाऊक नसतें.

कारण असें कीं, दाण्यांत पिठूळ अंश फोडणारें एक द्रव्य जागें झालेलें असतें. अशा द्रव्यांस एंझाइम म्हणतात. मराठी परिभाषेंत विकर हा शब्द रूढ आहे, तोच येथें वापरतों. हें द्रव्य आपल्या तोंडांतही आहे. कोरडी भाकरी न गिळतां बराच वेळ चावीत राहिलें तर तिला गोडी येऊं लागते. बाहेरून साखर कोणी घातलेली नसते. लाळेंतील विकरानें भाकरीच्या पिष्टाचे तुकडे केले, व त्या तुकड्यांचीच ती गोडी. मोड आलेल्या धान्यांतून हें द्रव्य प्रथम वेगळें काढलें तें पॅरिस येथें, १८३३ सालीं, पायाँ व पेर्सो या दोघां रसायनज्ञांनीं. मोडाच्या सातूचा पाण्यांत काढलेला अर्क घेऊन त्यांत त्यांनीं मद्यार्क मिळविला, तेव्हां जो पांढरा सांका खालीं बसला त्यांत हा गुण आढळला. त्यांनीं त्यास ‘डायास्टेज’ असें नांव दिलें. तें एकच द्रव्य नसून कित्येकांचें मिश्रण आहे हें पुढें कळलें.

आतां गव्हाच्या दाण्याकडे पाहूं. एका टोंकाशीं अंकुर असतो, आणि बाकीचा बहुतेक दाणा म्हणजे त्या अंकुराची शिदोरी असते. शिदोरी पिष्टाची. मात्र पिष्ट पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून अंकुराला तें जसेंच्या तसें खातां येत नाहीं. त्याची साखर करावी लागते. हें काम करणारे कारागीर शिदोरीभोंवतीं, सालीला आंतून लागून, एका पातळ थरांत बसलेले असतात. गव्हांत ह्या थराची जाडी अवघी एका पेशीएवढी असते. दाणा कोरडा असेपर्यंत ते स्वस्थ असतात. ओल आंत शिरली कीं अंकुर जागा होतो आणि त्या थराला निरोप धाडतो. निरोप पोंचतांच तेथें विकर तयार होऊन पिठाकडे झिरपूं लागतो.

हा निरोप म्हणजे काय, हें आपल्या द्राक्षबागाईतदारांस ऐकून नवल वाटेल. मणी लांब व मोठे व्हावेत म्हणून घड ज्या ‘जी. ए.’ च्या पाण्यांत बुडवितात, तो जिबरेलिक आम्लाचाच वर्ग होय. निफाड-दिंडोरींत जी वस्तु पुडींतून विकत आणतात, तीच जातीची वस्तु गव्हाचा अंकुर आपल्या घरीं, अत्यंत अल्प प्रमाणांत, फुकट तयार करतो. द्राक्षांत तिनें मणी फुगतो, गव्हांत तिनें पिठाचें कुलूप उघडतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बाहेर कोंब दिसूं लागण्यापूर्वींच आंतील विकर वाढूं लागलेला असतो. म्हणून “कोंब फुटला नाहीं, अर्थात् गहूं निर्दोष आहे” हा हिशेब चुकतो.

विकर पिष्ट फोडतो म्हणजे नेमकें काय करतो, हें समजून घेतल्याशिवाय पुढील उपाय पटणार नाहींत. म्हणून थोडें खोलांत शिरतों. पिष्ट हें द्राक्षशर्करेच्या असंख्य कणांची जोडून केलेली सांखळी आहे. द्राक्षांत जी साखर सुटी असते, तीच गव्हांत सांखळीनें बांधलेली असते. या सांखळ्या दोन प्रकारच्या. एक सरळ, मळसूत्रासारखी वेटोळें घेतलेली; ती साधारण चौथा हिस्सा. दुसरी फांद्या फुटलेली, झाडासारखी. ती तीन हिस्से. (आयोडीनचा थेंब पिठाच्या पेजेंत टाकला असतां जो निळा रंग येतो, तो आयोडीन त्या पहिल्या सांखळीच्या वेटोळ्यांत शिरून बसल्यामुळें.) ह्या सांखळ्या एकमेकींस घट्ट लागून, थरावर थर चढून, त्यांचा एक बारीक कण बनतो. कच्च्या पिठांतला हा कण इतका दाट रचलेला असतो कीं, थंड पाणीही त्यांत फारसें शिरत नाहीं.

अशा कणाजवळ विकर पाण्यांत तरंगत येतो. नुसता आदळून परत गेला तर काम होणार नाहीं. प्रथम त्यानें कणास धरलें पाहिजे. गहूं कापणारा मनुष्य काय करतो? डाव्या हाताच्या मुठींत ताटें धरतो व उजव्या हातानें विळा चालवितो. मूठ सुटली तर विळा कितीही धारेचा असो, ताट वांकून निसटतें. विकराचेंही असेंच आहे. त्याच्या अंगावर कांहीं ठिकाणीं सपाट कड्यांसारखे भाग असतात. शर्करेचा कणही एका बाजूनें सपाट असतो. दोन ताटल्या एकींत एक बसाव्यात, तशा त्या सपाट बाजू एकमेकींस लागून बसतात व विकर पिष्टाच्या सांखळीस चिकटून राहतो. ही झाली मूठ. विळा निराळ्या जागीं असतो. विकराच्या अंगांत एक खांच असते; सांखळीचा कांहीं कड्यांएवढा भाग त्या खांचेंत येऊन पडतो. खांचेच्या तळाशीं आम्लधर्मी भाग असतात. ते दोन कड्यांमधील सांधा ढिला करतात व तेथें पाण्याचा एक कण घालून सांधा तोडतात. तुकडे सुटतात, खांच मोकळी होते, आणि विकर जसा होता तसाच राहून पुढील सांध्याकडे वळतो. तो स्वतः खर्च होत नाहीं. एवढा थोडा विकर एवढें पीठ कसें बिघडवितो, याचें उत्तर ह्यांत आहे.

मोडाच्या सातूंतील विकरावर खांचेखेरीज अशा धरण्याच्या जागा आढळल्या आहेत. याहून स्पष्ट उदाहरण आपल्या कांद्याच्या चाळींत मिळतें. साठविलेल्या कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी धरते, ती अॅस्परजिलस नायजर नांवाची बुरशी होय. ह्या बुरशीचा एक पिष्टभंजक विकर दोन तुकड्यांचा असतो, व ते एका लांब दोऱ्यानें जोडलेले असतात. एक तुकडा केवळ धरतो, दुसरा केवळ तोडतो. धरणारा तुकडा काढून टाकला तर उरलेला तुकडा शिजविलेल्या पिष्टावर पूर्वींसारखेंच काम करतो, परंतु कच्च्या कणापुढें तो फार दुबळा पडतो. याचा अर्थ, कच्च्या कणाशीं गांठ पडली कीं मूठ अवश्य लागते. शिजलेल्या, सैल झालेल्या सांखळ्यांशीं तिच्यावांचून भागतें. कोंब फुटलेल्या गव्हाचे पिष्टकण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिले असतां त्यांवर खळगे व आंत गेलेले बोगदे दिसतात. घुणा लागलेल्या लांकडाची आठवण यावी असे.

तोडण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. मोड येतांना नव्यानें तयार होणारा विकर सांखळीस मधेंच कोठेंही तोडतो. त्यास अल्फा अमायलेज म्हणतात. दुसरा, बीटा नांवाचा, टोंकापासून दोन दोन कड्या मोजून काढीत जातो; हा पक्व गव्हांत आधींपासूनच असतो. तिसरा फांदीचा सांधा सोडवितो. ह्यांत पीठ बिघडविणारा खरा तो पहिला. शंभर हात दोरखंडाच्या टोंकापासून वीतभर तुकडे कापीत बसलें तर दोर बराच वेळ दोरच राहतो. परंतु मधें चार घाव घातले कीं त्याचा उपयोग संपला. पेजेचा दाटपणा हा लांब सांखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळें असतो. थोडे मधले सांधे तुटले कीं पेज पाण्यासारखी होते, मग साखर फारशी झालेली असो वा नसो.

आतां शिजविण्याची गोष्ट. गव्हाचें पिष्ट सुमारें ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगून सैल होऊं लागतें. अल्फा अमायलेज त्या उष्णतेंत मरत नाहीं. सत्तरच्याही पुढें कांहीं काळ टिकतो, व उकळी येण्यापूर्वीं नष्ट होतो. म्हणजे मधें एक पट्टा असा आहे कीं, ज्यांत पिष्ट मोकळें झालें आहे आणि विकर जिवंत आहे. सारा बिघाड ह्या पट्ट्यांत होतो. पाव भट्टींत हळूहळू तापतो, त्यास हा पट्टा ओलांडण्यास वेळ लागतो, म्हणून पाव अधिक बिघडतो. चिकाचें भांडें चुलीवर मंद तापतें, तेंही तसेंच. पोळी मात्र तापल्या तव्यावर थोड्या वेळांत हा पट्टा ओलांडते, म्हणून किंचित् भिजलेल्या गव्हाची पोळी बरी होते. तिची तक्रार मुख्यतः मळण्याच्या वेळीं, कणीक सैल पडून चिकटण्याची असते. यावरून ज्याची सर्व विक्री घरगुती पोळीसाठीं आहे त्यास नुकसान कमी, व ज्याचा माल बेकरीकडे जातो त्यास अधिक, असें समजावें.

स्वीडन देशांत १९६० च्या सुमारास हागबर्ग यांनीं याच पट्ट्याचा उपयोग करून एक परीक्षा बसविली. पीठ व पाणी कांचेच्या नळींत घालून नळी उकळत्या पाण्यांत ठेवतात, साठ सेकंद ढवळतात, आणि मग ढवळण्याची दांडी आपल्या वजनानें खालीं जाऊं देतात. आरंभापासून दांडी तळास पोंचेपर्यंतचे सेकंद मोजतात. निकोप गव्हास अडीचशेंहून अधिक सेकंद लागतात. पुष्कळ मोड आलेल्या गव्हांत दांडी ढवळणें संपतांच खालीं जाते, म्हणजे आंकडा साठाच्या जवळ येतो. आपणांस यंत्र नको. पाऊस न लागलेल्या तुकड्याचा गहूं व संशयित गहूं निरनिराळे दळून आणावेत. दोहोंचें तीन तीन चमचे पीठ एकेका वाटी थंड पाण्यांत कालवून, सारख्याच भांड्यांत, सारख्याच मंद विस्तवावर ढवळीत उकळी येऊं द्यावी. पळीवरून पडणारी धार पाहावी. एकीची धार जड व दुसरीची पाण्यासारखी पडली, तर निकाल लागला.

ही परीक्षा मळणीपूर्वीं, चार मुठी ओंब्या हातानें मळून करावी, असें मी आग्रहानें सांगतों. कारण खरें नुकसान मळणीच्या वेळीं होतें. शेताचा उंचवट्याचा गहूं लवकर सुकतो, खोलगट कोपऱ्याचा व आडवा पडलेला ओला राहतो. हार्वेस्टर येतें आणि सर्व एकत्र करून टाकतें. शेतकरी म्हणतो, दहा पोत्यांत एक पोतें वाईट, एवढ्यानें काय बिघडणार? परंतु वर सांगितल्याप्रमाणें विकर खर्च होत नाहीं. एका पोत्यांतील विकर उरलेल्या नऊ पोत्यांच्या पिठावर तितक्याच निष्ठेनें काम करतो. मिसळलेल्या मालाचा गुण दोहोंच्या सरासरीएवढा न राहतां वाईटाकडे झुकतो. म्हणून पडलेला व कोपऱ्याचा गहूं आधीं किंवा मागाहून वेगळा काढावा, वेगळा वाळवावा, वेगळा विकावा. भाव कमी येईल, पण नऊ पोतीं वांचतील. वाळवितांना थर पातळ ठेवावा. साठवणीस ओलावा १२ टक्क्यांच्या आंत हवा. वाळल्यानें विकराचें काम थांबतें, पण तो मरत नाहीं. पीठ पुन्हां भिजलें कीं तो तेथूनच पुढें सुरू होतो. बियाणें तर ह्या गव्हाचें मुळींच ठेवूं नये. एकदां जागा होऊन सुकलेला अंकुर साठवणींत लवकर मरतो.

जातीजातींतही फरक असतो. पक्व दाण्यास कांहीं काळ झोंप असते. तांबड्या सालीच्या गव्हाची झोंप गाढ, व पांढऱ्या-पिवळसर सालीच्या गव्हाची सावध. आपल्या बाजारास पिवळसर, टपोरा दाणा आवडतो, म्हणजे आपण आवडीनें सावध झोंपेचा गहूं पेरतों. निफाडच्या संशोधन केंद्रांत १९३२ सालापासून गव्हाचें काम चाललेलें आहे व ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ यांसारखे वाण तेथूनच आले. वाण निवडतांना उत्पन्न व तांबेरा यांबरोबर कापणीच्या वेळच्या पावसांत दाणा कितपत टिकतो, हाही प्रश्न शेतकऱ्यांनीं तेथें विचारावा.

बिघडलेला गहूं पुष्कळ जण जनावरांस घालतात. बुरशी नसेल तर हरकत नाहीं, परंतु प्रमाण राखावें. कोठीपोटांतील सूक्ष्म जंतु पिष्टावर फार जलद तुटून पडतात व त्याचें आम्ल करतात; बारीक दळलेलें व मोडानें सैल झालेलें पिष्ट तर अधिकच जलद. बैल रात्रीं दावें तोडून धान्याच्या राशीवर गेला व सकाळीं दगावला, हे प्रकार ह्यामुळें होतात. थोड्या प्रमाणांत, वैरणीबरोबर, हळूहळू वाढवीत द्यावें.

येथवर विकर हा वैऱ्यासारखा दिसला. आतां जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगास चलावें. सुरगाणें, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी ह्या डोंगराळ तालुक्यांत गव्हापेक्षां नागलीचा मान मोठा. देशावर तिलाच नाचणी म्हणतात. तिच्या शंभर ग्रॅममागें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. गहूं व तांदूळ ह्या बाबतींत तिच्या जवळपासही येत नाहींत. आणि भरडधान्यांमध्यें मोड आणल्यावर पिष्ट फोडणारा विकर भरपूर देणारें धान्य म्हणून तिची ख्याति आहे. जें गव्हांत चुकून होतें, तें नागलींत मुद्दाम करावें.

त्याचें प्रयोजन लहान मुलें. सहा महिन्यांच्या पुढील मुलास पेज देतात. पीठ जास्त घातलें तर पेज गोळ्यासारखी होते व मूल गिळत नाहीं. पाणी जास्त घातलें तर मूल पितें, पण इवल्या पोटांत पाणीच जातें व अन्न थोडें. आई बिचारी मूल पोटभर प्यालें असें समजते, आणि मूल मात्र वाढत नाहीं. ह्या पेंचांतून विकर सोडवितो: तो पेज पातळ करतो, पण तींतील अन्न कमी करीत नाहीं. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेंत मल्लेशी व देशिकाचार यांनीं मोडाच्या नागलीवर, आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास यांनीं मोडाच्या पिठानें मुलांची पेज पातळ करण्यावर काम केलें, तें १९८० नंतरच्या दशकांत.

कृति अशी. नागली निवडून, धुवून, एक रात्र भिजवावी. पाणी काढून ओल्या स्वच्छ फडक्यांत बांधून दीड-दोन दिवस ठेवावी. मधें पाणी शिंपडावें व उलटसुलट करावी, कारण हवा न लागल्यास मोड येत नाहीं व आंबूस वास धरतो. (कुरडईचा गहूं तीन दिवस पाण्यांत राहूनही मोड धरीत नाहीं, त्याचें हेंच कारण: पाण्याखालीं त्यास हवा मिळत नाहीं.) बारीक पांढरे मोड दिसले कीं कडक उन्हांत वाळवावी, चोळून मोड पाखडून टाकावेत व दळावी. कित्येक घरीं ती खरपूस भाजतात. वास उत्तम येतो, पण भाजण्यानें विकर मरतो व पेज पातळ करण्याचा गुण जातो. ज्यास चव हवी त्यानें भाजावी. ज्यास मुलासाठीं हवी त्यानें केवळ उन्हांत वाळवावी.

पेज नेहमींच्या पिठाची, चांगली दाट शिजवावी. खालीं उतरून थोडी निववावी; वाफ येत असावी, पण उकळ नसावी. मग मोडाच्या पिठाचा एक लहान चमचा घालून ढवळावें. थोड्याच वेळांत पेज डोळ्यांदेखत सैल होऊन वाहूं लागते. कण फुगलेले, सांखळ्या मोकळ्या, विकर जिवंत: वर सांगितलेला तोच पट्टा. पातळ झाल्यावर पुन्हां एकदां चांगली उकळी आणावी, कारण ओल्या फडक्यांत धान्याबरोबर जंतूही वाढतात, व कच्चें मोडाचें पीठ मुलाच्या पोटांत जाऊं देणें बरें नव्हे. नागलीचें सत्त्व काढतांना फडक्यानें गाळून चोथा टाकण्याची चाल आहे. त्या चोथ्याबरोबर चुन्याचा मोठा भाग जातो, म्हणून एक वर्षावरील मुलास न गाळलेलें पीठच द्यावें असें माझें मत आहे.

हीच कृति ज्वारीस लावूं नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत विष उत्पन्न करणारें द्रव्य असतें. पोंगे खाऊन गुरें मरतात तें त्यामुळेंच. मोडाचें पीठ हवेंतील ओल लवकर ओढतें, तेव्हां कोरड्या डब्यांत घट्ट झांकून ठेवावें, आणि पावसाळ्यांत एका वेळीं पंधरा दिवसांपुरतेंच करावें.